कॅम्पर व्हॅनचा धंदा : एका ट्रिपला ऊर्जा किती लागते, ते आधी मोजा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण कॅम्पर व्हॅन भाड्याने देण्याच्या धंद्याबद्दल बोललो. व्हिडिओत आकडे भराभर जातात, म्हणून तोच धडा इथे सविस्तर लिहून देतोय. वही, पेन आणि मोबाइलचा कॅल्क्युलेटर जवळ ठेवा. आजचा धडा नुसता वाचून पुढे जाण्यासारखा नाही, करून बघण्यासारखा आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कारव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. तेव्हापासून बरेच तरुण विचारतात, "सर, जुनी ट्रॅव्हलर घेऊन कॅम्पर करू का? किती खर्च येईल? हप्ता निघेल का?" प्रश्न बरोबर आहेत. पण मी उलट एक प्रश्न विचारतो : "तुमच्या गाडीला एका रात्रीला किती वीज लागेल?" तिथे बहुतेक जण थांबतात.

हॉटेलवाल्याला लाइटबिल येतं, त्यामुळे त्याला आकडा माहीत असतो. कॅम्पर व्हॅनवाल्याला लाइटबिल येत नाही. त्याची वीज डिझेलच्या बिलात लपते, बॅटरीच्या आयुष्यात लपते, पाहुण्याच्या तक्रारीत लपते. रात्री २ वाजता पंखा बंद पडला की पाहुणा तुमच्या गाडीला किती स्टार देणार, हे मी सांगायला नको.

म्हणून आज आपण तीन गोष्टी करू. डिझेल कुठे जातं ते बघू, आतली वीज कुठे जाते ते बघू, आणि शेवटी या दोन्हींचा एका ट्रिपचा हिशेब मांडू.

भाग १ : डिझेल

आधी तुमचा खरा ॲव्हरेज काढा. डॅशबोर्डवरचा आकडा किंवा विकणाऱ्याने सांगितलेला आकडा धरू नका. टाकी फुल्ल करा, किलोमीटर लिहा. ट्रिप झाली की त्याच पंपावर पुन्हा फुल्ल करा. चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. हे सलग तीन ट्रिपला करा. या वहीशिवाय पुढचं काहीच उपयोगाचं नाही, कारण सुधारणा झाली की नाही हे कळणार कसं?

आता एकेक कारण घेऊ. सगळी कारणं सारखी मोठी नसतात, हे लक्षात ठेवा.

वेग. हे सगळ्यात मोठं कारण. कॅम्पर व्हॅन म्हणजे हायवेवर चालणारं कपाट! उंच, रुंद आणि समोरून सपाट. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात की वेग वाढतो २५ टक्के, पण हवेचा विरोध वाढतो ५६ टक्के. टायरचं घर्षण फारसं वाढत नाही, त्यामुळे एकूण डिझेल साधारण पावपटीने वाढतं.

रुपयांत बघू. हायवेचं अंतर ३०० किलोमीटर. ८० च्या वेगाला गाडी लिटरला १० किलोमीटर देते असं धरा, म्हणजे ३० लिटर. १०० च्या वेगाला तेच साडेसदतीस लिटर. फरक साडेसात लिटर. डिझेल ९० रुपये धरलं तर ६७५ रुपये. आणि वेळ किती वाचला? पाऊण तास. आता ड्रायव्हरला विचारा, "हा पाऊण तास पाहुण्याने ६७५ रुपयांना मागितला होता का?" बहुतेक वेळा तो पाऊण तास पुढे मिसळीच्या हॉटेलवर जातोच.

उभ्या गाडीचं इंजिन. दुसरं मोठं कारण. पाहुणे जेवायला उतरतात आणि गाडी थंड राहावी म्हणून इंजिन चालूच. अशा व्हॅनचं डिझेल इंजिन उभ्या उभ्या तासाला अर्धा ते एक लिटर पितं, एसी चालू असेल तर त्याहून जास्त. किलोमीटर शून्य, खर्च चालू. हा खर्च ॲव्हरेजमध्ये मिसळतो आणि आपण म्हणतो, "गाडीच ॲव्हरेज देत नाही."

टायरची हवा. फुकटातली बचत. किती हवा भरायची ते गाडीच्या माहितीपुस्तकात आणि बहुतेक गाड्यांत दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. सकाळी, टायर थंड असताना तपासा. फर्निचर, बॅटरी, पाण्याची टाकी असं वजन तुम्ही वाढवलेलं असतं, म्हणून भरलेल्या गाडीचा आकडा धरा. कमी हवा म्हणजे जास्त डिझेल, लवकर झिजणारं टायर आणि उन्हाळ्यात टायर फुटण्याची भीती.

वजन. इथे मी तुम्हाला थोडं थांबवतो, कारण या विषयावर सल्ले खूप मिळतात. १०० किलो जास्तीचं वजन ४०० किलोमीटरला साधारण अर्धा लिटर डिझेल खातं. म्हणजे ४५ रुपये. वेगाच्या मानाने ही रक्कम लहान आहे. तरी १०० लिटर पाणी पुण्यातून तारकर्लीपर्यंत न्यायचं कारण नाही. वाटेपुरतं घ्या, बाकीचं मुक्कामी भरा. पण वजन कमी करण्याचं खरं कारण डिझेल नाही, घाट आहे. फोंडा घाट उतरताना जड गाडीचे ब्रेक किती तापतात ते ड्रायव्हरला विचारा. गाडीच्या नोंदणीत जे कमाल वजन दिलंय, त्याच्या आत राहणं हा सुरक्षिततेचा आणि विम्याचा प्रश्न आहे.

घाट उतरणं. डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे ड्रायव्हर अजून आहेत. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर डिझेलचा पुरवठा जवळजवळ बंद होतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. म्हणजे न्यूट्रलमध्ये बचत नाही, वर ब्रेकवर सगळा भार. ड्रायव्हरला हे नीट समजावून सांगा, नुसतं ओरडू नका.

छतावरचं सामान. कॅरिअर, तंबू, सायकली. गरज नसेल तेव्हा काढून ठेवा. सोलर पॅनेल बसवताना छताला समांतर आणि शक्य तितकं खाली बसवा, फक्त खाली हवा खेळायला बोटभर तरी फट ठेवा.

भाग २ : आतली वीज

आता खरा अभ्यास. एक साधा शब्द पक्का करू : वॅट-तास. २५ वॅटचा पंखा १० तास चालला की २५० वॅट-तास. असे १००० वॅट-तास झाले की एक युनिट, तुमच्या घरच्या लाइटबिलावरचं तेच युनिट.

चार जणांच्या कुटुंबाचा एक दिवस धरू, एसी सोडून.

• ४० लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, ४५ वॅट, उकाड्यात दिवसाचा निम्मा वेळ चालतो : ५४० वॅट-तास
• १२ व्होल्टचे २ बीएलडीसी पंखे, प्रत्येकी २५ वॅट, १० तास : ५०० वॅट-तास
• एलईडी दिवे, सगळे मिळून १८ वॅट, ५ तास : ९० वॅट-तास
• पाण्याचा पंप, ६० वॅट, दिवसभरात २० मिनिटं : २० वॅट-तास
• ४ मोबाइल आणि १ लॅपटॉप : १२० वॅट-तास

बेरीज १,२७० वॅट-तास. वायरमध्ये वगैरे जाणारी वीज धरून १,४०० म्हणू. म्हणजे दिवसाला सुमारे दीड युनिट.

आता तीच गाडी दुसऱ्याने "स्वस्तात" बनवली असं समजा. घरचा फ्रिज, ७५ वॅटचे घरचे दोन पंखे, सगळं इन्व्हर्टरवर. फ्रिज ७००, पंखे १,५००, बाकीचं २३०. झाले २,४३०. शिवाय बॅटरीची वीज २३० व्होल्ट करताना १० ते १५ टक्के वाया जाते आणि इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी स्वतः थोडी वीज खात बसतो. हे ५०० धरा. एकूण २,९०० च्या वर, म्हणजे दुपटीहून जास्त.

या दुप्पट विजेसाठी त्याला दुप्पट बॅटरी लागणार, दुप्पट सोलर लागणार, आणि छतावर तेवढी जागाच नसेल. पंख्यात वाचवलेले दोन हजार रुपये बॅटरीत कितीतरी पटीने परत जातात. म्हणून नियम लिहून घ्या : आधी गरज कमी करा, मग बॅटरी ठरवा, सोलर सगळ्यात शेवटी. लोक उलट करतात. आधी सोलर पॅनेल घेतात, कारण ते फोटोत दिसतं!

बॅटरी किती घ्यायची?

१२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते. पण ती रोज निम्म्यापेक्षा खाली उतरवली तर लवकर मरते. म्हणजे हातात ९०० च. आपल्या १,४०० साठी अशा दोन लागतील आणि वजन जाईल १०० किलोच्या आसपास.

लिथियम फॉस्फेट बॅटरी, १२.८ व्होल्ट २०० अँपिअर-अवर, म्हणजे २,५६० वॅट-तास. त्यातले ८० टक्के बिनधास्त वापरा, म्हणजे सुमारे २,०५०. वजन २५ किलोच्या आसपास. किंमत मात्र जास्त.

कुठली परवडते? दुकानदाराला विचारू नका, स्वतः भागाकार करा : बॅटरीची किंमत ÷ (एका वेळी वापरता येणारे युनिट × आयुष्यात किती वेळा चार्ज होईल). चार्जच्या फेऱ्यांचा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात असतो. हा भागाकार केला की बॅटरीतल्या एका युनिटची खरी किंमत कळते. महिन्याला आठ-दहा रात्री गाडी बाहेर असेल तर लिथियमचं पारडं बहुतेक वेळा जड ठरतं. गाडी वर्षातून वीसच रात्री जाणार असेल तर लेड-ॲसिडने सुरुवात करण्यात कमीपणा नाही.

एक सूचना वायरिंगची. १२ व्होल्टवर करंट मोठा असतो. १,२०० वॅटचा भार म्हणजे १०० अँपिअर! घराच्या वायरिंगची तार इथे चालत नाही. जाड केबल, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, आणि हे काम जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच. बारीक तारेत वीज वाया जातेच, वर आग लागते.

वीज भरायची कुठून? प्रत्येक युनिटला भाव आहे

हा या धड्याचा सगळ्यात कामाचा भाग. एकच युनिट वेगवेगळ्या ठिकाणाहून घेतलं तर त्याचा भाव बघा.

१. सोलर. ४०० वॅटचं पॅनेल, छतावर आडवं. ऑक्टोबर ते मे आपल्याकडे दिवसाला साधारण १,६०० वॅट-तास मिळतील असं धरून चाला. एकदा बसवलं की त्या युनिटला डिझेल लागत नाही. पावसाळ्यात मात्र यातलं पाव ते निम्मंच मिळेल.

२. मुक्कामाच्या जागेवरचा प्लग. रिसॉर्ट किंवा कॅम्पसाइटवाला जो दर लावेल तो. १५ रुपये युनिट लावला तरी स्वस्त.

३. चालत्या गाडीचा अल्टरनेटर. ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लावला तर तीन तासांच्या प्रवासात सव्वा युनिटच्या आसपास वीज भरते. लोक याला फुकट समजतात, पण फुकट नाही. इंजिन आणि अल्टरनेटरमधली गळती धरली तर त्यासाठी अर्ध्या लिटरहून थोडं जास्त डिझेल जातं. युनिट पडतं ४० ते ४५ रुपयांना. तरी गाडी जाणारच आहे, सोय मोठी आहे, म्हणून हा चार्जर जरूर लावा.

४. छोटा पेट्रोल जनरेटर. युनिटला साधारण अर्धा लिटर पेट्रोल, म्हणजे ५० रुपयांच्या पुढे. आवाज आणि धूर वेगळा.

५. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून चार्जिंग. तासाला पाऊण लिटर डिझेल जाळून बॅटरीत जातं जेमतेम ०.४ युनिट. म्हणजे युनिट सुमारे १७० रुपयांना! यापेक्षा महाग वीज तुम्हाला कुठेही मिळणार नाही.

ही यादी गाडीत ड्रायव्हरसमोर चिकटवा.

सोलरबद्दल दोन बारीक गोष्टी. पहिली, सावली. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी उत्पन्न खूप खाली येऊ शकतं. पण पाहुण्याला गाडी झाडाखाली हवी असते, थंड राहते म्हणून. मग काय करायचं? छतावर २०० ते ३०० वॅट आणि एक घडीचं पॅनेल लांब केबलसकट सोबत ठेवा. गाडी सावलीत, पॅनेल उन्हात. दुसरी, धूळ. आपल्या रस्त्यांवर दोन दिवसांत थर बसतो. मुक्कामी पोचल्यावर ओल्या फडक्याने पुसणं हे ड्रायव्हरच्या कामाच्या यादीत लिहा.

भाग ३ : एसीचं काय करायचं?

हा प्रश्न व्हिडिओखाली नेहमीच येणार, म्हणून वेगळा घेतो. लहान इन्व्हर्टर एसी रात्री सरासरी ५०० ते ६०० वॅट घेतो असं धरा. आठ तासांचे ४ ते ५ युनिट. आपल्या सगळ्या बाकीच्या गाडीला लागतात त्याच्या तिप्पट! ४०० वॅटच्या सोलरने हे होणार नाही. "आमची गाडी पूर्ण सोलरवर, एसीसकट" असं कोणी सांगितलं तर त्याला बॅटरीचा आकडा विचारा.

पहिला मार्ग : एसीची रात्र असेल तर प्लग असलेल्या जागीच मुक्काम. बुकिंग घेतानाच विचारा. एसी हवा असेल तर कुठे थांबायचं हे तुम्ही ठरवणार आणि जागेचं भाडं पॅकेजमध्ये धरणार. यासाठी तुमच्या दोन-तीन ठरलेल्या रूटवर अशा जागांच्या मालकांशी आधीच बोलून ठेवा. तो तुमच्या धंद्याचा भागीदारच समजा.

दुसरा मार्ग : गाडी तापूच द्यायची नाही. पत्र्याची गाडी दिवसभर उन्हात राहिली की रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. त्यामुळे छताला आणि बाजूंना इन्सुलेशन, छताचा रंग पांढरा, काचांना आतून चकचकीत पडदे, दाराच्या बाजूला छत्रीसारखं कापड. आणि छतात हवा बाहेर फेकणारा पंखा, समोरून जाळीची खिडकी. गरम हवा वरून बाहेर, गार हवा खालून आत. हा छतातला पंखा रात्रभरात जेमतेम २०० ते ३०० वॅट-तास घेतो. भंडारदरा, महाबळेश्वरसारख्या ठिकाणी हिवाळ्यात तर एसीचं नावही कोणी काढत नाही. मेमध्ये कोकण किनाऱ्यावर मात्र दमट हवेत पंख्यावर भागेलच असं नाही. तिथे खोटं आश्वासन देऊ नका.

आणि तिसरा मार्ग, जो घ्यायचाच नाही : पाहुणे आत झोपलेले असताना इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवणं.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कारव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. एसीसाठी चालू असलेल्या जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता, असं तपासात पुढे आलं. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला कळतच नाही. म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपण्याच्या जागेजवळ बसवा, आणि इंजिन बंद झाल्याशिवाय पाहुणा झोपणार नाही हा नियम करा. डिझेल वाचवण्याचा आणि जीव वाचवण्याचा नियम इथे एकच आहे.

भाग ४ : स्वयंपाक

एक लिटर पाणी उकळायला इंडक्शनवर सुमारे ११० वॅट-तास लागतात. चार जणांचा दोन वेळचा चहा, नाश्ता आणि जेवण धरलं तर दिवसाला एक ते दीड युनिट सहज जातं. म्हणजे आपली दीड युनिटची गाडी तीन युनिटची झाली. म्हणून प्लगवर असताना इंडक्शन, नसताना गॅस, ही विभागणी बहुतेकांना परवडते.

बचत भांड्यात आहे. प्रेशर कुकर ठेवा. डाळ-तांदूळ निघतानाच भिजवा. पातेल्यावर झाकण. चहा एकदाच जास्त करून चांगल्या थर्मासमध्ये.

गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं आणि गॅसचा अलार्मही जमिनीजवळ हवा. घरगुती सिलिंडर धंद्यात वापरता येत नाही, व्यावसायिक घ्या.

आणि परवानगी. गाडीत असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतात. मोटर कारव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. फर्निचरवाल्याला ॲडव्हान्स देण्याआधी आरटीओत जाऊन विचारा. नोंदणीत बदल दाखवलेला नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी काय म्हणेल, याचा विचार आजच करा.

भाग ५ : एका ट्रिपचा हिशेब

पुणे–तारकर्ली–पुणे, फिरणं धरून ८५० किलोमीटर, तीन दिवस, दोन रात्री. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

*जुनी पद्धत :* वेग मनाला येईल तसा, ॲव्हरेज ८. डिझेल १०६ लिटर. रात्री चार-चार तास इंजिन चालू ठेवून एसी, त्याचे ८ लिटर. एकूण ११४ लिटर, ९० रुपयांनी १०,२६० रुपये.

*नवी पद्धत :* वेग ८० च्या आत, हवा बरोबर, उभं इंजिन बंद, ॲव्हरेज साडेनऊ. डिझेल ९० लिटर, ८,१०० रुपये. दोन रात्री प्लगवाली जागा, जास्तीचे ६०० रुपये. एकूण ८,७०० रुपये.

एका ट्रिपला फरक १,५६० रुपये. महिन्याला चार ट्रिप, वर्षात नऊ महिने धंदा, म्हणजे ३६ ट्रिप. वर्षाला ५६,१६० रुपये. बघा, यात भाडं एक रुपयाने वाढवलेलं नाही. नवीन गिऱ्हाईक शोधलेलं नाही. आणि पाहुण्याला रात्री इंजिनचा आवाज नाही, ते वेगळंच.

या आकड्यावरून हेही ठरतं की सामानावर किती खर्च करायचा. एखादी वस्तू वर्षाला १०,००० रुपये वाचवत असेल आणि तिची किंमत २५,००० असेल, तर अडीच वर्षांत वसूल. गाडी तुम्ही पाच वर्षं ठेवणार असाल तर घ्या. दोन वर्षांत विकणार असाल तर सोडा.

खर्चाचा क्रम असा ठेवा :

१. फुकट : वेग, टायरची हवा, इंजिन बंद, ड्रायव्हरशी बोलणं.
२. थोडे पैसे : एलईडी, १२ व्होल्टचे पंखे, काचांचे पडदे, बॅटरीत किती टक्के उरलं ते दाखवणारा मीटर, दोन्ही अलार्म.
३. मध्यम : इन्सुलेशन, छतातला पंखा, डीसी-डीसी चार्जर, १२ व्होल्टचा फ्रिज.
४. मोठे : लिथियम बॅटरी, सोलर.

अलार्म दुसऱ्या क्रमांकात लिहिलेत, पण ते पहिल्या ट्रिपच्या आधी बसलेच पाहिजेत.

माणसं सांभाळा, ऊर्जा आपोआप सांभाळली जाईल

ड्रायव्हर तुमचं डिझेल वाचवणार, तर त्यात त्याचा वाटा ठेवा. "रामभाऊ, या रूटला ९५ लिटर धरलेत. त्याच्या खाली जेवढे वाचतील, त्याचे निम्मे पैसे तुमचे." असं म्हटलं की वेगाबद्दल पुन्हा बोलावं लागत नाही. मात्र ठरवलेला आकडा प्रामाणिक हवा. अशक्य आकडा दिला तर माणूस बचत सोडून देतो आणि तुमच्यावरचा विश्वासही.

पाहुण्यांसाठी एक छोटं कार्ड लावा. भाषा हुकमाची नको. असं काहीतरी :

"नमस्कार! ही गाडी म्हणजे दोन दिवसांचं तुमचं घर. घरातली वीज छतावरच्या उन्हातून येते. मीटर ३० टक्क्यांवर आला की फ्रिज आणि पंखे चालू ठेवा, बाकी चार्जिंग सकाळी करा. केस वाळवण्याचं यंत्र आणि इस्त्री फक्त प्लगच्या जागी. रात्री इंजिन बंद राहील, ते तुमच्या सुरक्षिततेसाठी. काही लागलं तर ड्रायव्हरकाकांना कधीही हाक मारा."

पाहुण्याला कारण सांगितलं की तो साथ देतो. कारण न सांगता "हे लावू नका, ते लावू नका" म्हटलं की तो म्हणतो, "पैसे कशाचे घेतले मग?"

या आठवड्याचा गृहपाठ

गाडी घेतली नसेल तरी हा करता येतो.

१. तुमच्या डोक्यातल्या गाडीतल्या प्रत्येक वस्तूचे वॅट आणि तास लिहा. बेरीज करा.
२. त्यावरून बॅटरी किती लागेल ते काढा. दोन दुकानांतून भाव आणा आणि वरचा भागाकार करा.
३. तुमच्या भागातला एक रूट निवडा. त्या रूटवर प्लग, पाणी आणि सुरक्षित पार्किंग मिळेल अशा तीन जागा फोन करून शोधा. रात्रीचा दर लिहा.
४. एका ट्रिपचा ऊर्जेचा खर्च काढा आणि तो तुम्ही ठरवलेल्या भाड्याच्या किती टक्के येतो ते बघा.

चौथ्या उत्तराचा आकडा आणि तुमचा रूट व्हिडिओखाली कमेंटमध्ये लिहा. आकडा चुकला तरी चालेल, कागदावर चुकलेला आकडा खोडता येतो. कर्ज काढून गाडी दारात उभी राहिल्यावर तो खोडता येत नाही.

पुढच्या धड्यात याच गाडीचं भाडं कसं ठरवायचं ते बघू : सीझन, किलोमीटरची मर्यादा, डिपॉझिट आणि रद्द झालेल्या बुकिंगचे पैसे. तोपर्यंत वही भरा.

भेटू पुढच्या आठवड्यात.